सरपणातली खुर्ची

"सात," म्हातारी फिलोमेना ताटल्या मोजत म्हणाली. "विषम झाले. आठवं पान मांडा."

"आई, दरवर्षी तेच," रूझेनाने काट्याचमच्यांचा ढीग टेबलावर ओतला. "कारखाना गेला त्याच्या आदल्या वर्षी आपण नऊ होतो, दहावं पान मांडलं, तरी लुद्विकमामा गेलाच ना?"

"तो पन्नास वर्षं पीत होता. त्याचा पानाशी काय संबंध? मांड म्हटलं तर मांड."

रूझेनाने मांडलं. गावात ती कारखान्याच्या डायरेक्टरची बायको होती, दुकानात बायका तिला पुढे जाऊ देत. पण आईच्या स्वयंपाकघरात शिरलं की ती पुन्हा तीन भावंडांतली धाकटी व्हायची, आणि पंचेचाळिसाव्या वर्षीही तिला त्याचा राग यायचा.

पान झालं, पण खुर्ची नव्हती. दोलेझालांचं घर म्हणजे तीन पिढ्यांचं खुर्च्यावाल्यांचं घर, आणि ख्रिसमसच्या संध्याकाळी त्या घरात आठवी खुर्ची मिळेना. दहा वर्षांपूर्वी कारखाना सरकारजमा झाला तेव्हा नमुन्याच्या चांगल्या खुर्च्याही जप्तीच्या यादीत गेल्या. मागे राहिल्या त्या सात, त्यांतल्या दोन एकमेकींशी न जुळणाऱ्या.

"लिबेना," म्हातारीने नातीला हाक मारली, "तुझ्या काकाच्या खोलीत दाराआड एक आहे. तिच्यावरचे कोट काढ आणि घेऊन ये."

चुलीशी बसून बूट पुसत असलेला वेन्देलिन हे ऐकून थांबला. घरातला थोरला तो. पंचावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा. एकेकाळी बापाच्या आणि आता सरकारच्या कारखान्यात लाकूड वाकवण्याच्या विभागात कामाला होता. अंगण ओलांडून जुन्या कार्यशाळेच्या वरच्या खोलीत राहायचा.

"ती नको," तो म्हणाला. "मी स्टूल आणतो."

"न सांगता येणाऱ्या पाहुण्याला स्टूल देतोस?"

"आई, येतं का कुणी कधी?"

"आलं तर?"

वेन्देलिन उठेपर्यंत लिबेना अंगणात पोहोचलीही होती. अठरा वर्षांच्या मुलीच्या पायांपुढे तो काय पुरणार. तो पुन्हा बसला आणि पुसून झालेला बूटच परत पुसू लागला.

मधला भाऊ ओताकार पुढच्या खोलीत खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होता. माणसं कशी बसतात याचा तीस वर्षं अभ्यास केलेल्या या माणसाला स्वतःला दहा मिनिटं एका जागी बसता येत नसे. प्रागला शिकून, तिथल्या वास्तुरचनाकाराकडे चार वर्षं पेन्सिलीने हात काळे करून तो परत आला आणि बापाच्या कारखान्यातल्या फुलापानांच्या नक्षीच्या खुर्च्यांना त्याने हात लावायचं नाकारलं. वाकवलेल्या लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या काढल्या. सिनेमागृहाच्या, इस्पितळाच्या, शाळेच्या. बसणाऱ्याची पाठ आधी, खुर्ची नंतर, असं तो म्हणायचा आणि बाप म्हणायचा, गिऱ्हाइकाचे डोळे त्याच्या पाठीला नसतात रे बाबा.

मग आली एकवीस नंबरची खुर्ची. बीच नावाच्या झाडाच्या एकाच दांड्यातून वाकवलेली पाठ आणि मागचे पाय, आणि पाठ अशी मागे कललेली की बसलेला माणूस उठायचं विसरून जाई. तिला परदेशातल्या प्रदर्शनात पदक मिळालं. मासिकांत फोटो आले, आणि फोटोंखाली प्रत्येक वेळी तीच हकीकत: प्रागच्या कॅफेत एका संध्याकाळी कॉफी गार होईपर्यंत ओताकार दोलेझाल यांनी ही खुर्ची हातरुमालाएवढ्या कागदावर काढली.

सरकार आल्यावर तीच खुर्ची भांडवलदारी चोचला ठरली आणि साचे भंगारात निघाले. ओताकार दहा वर्षं नव्या इमारतींतल्या घरांसाठी स्वयंपाकघराची कपाटं आखत होता, सगळी एका मापाची. आता अठ्ठावन्न सालच्या अखेरीला वारं फिरलं होतं. परदेशी प्रदर्शनात काहीतरी दाखवायला हवं होतं आणि वरच्या कुणाला तरी एकवीस नंबर आठवला होता. वर्षाला चाळीस हजार काढायच्या होत्या.

त्याचा कागद ओताकारच्या जाकिटाच्या खिशात होता. तीन दिवसांपूर्वी मेहुण्याने, रूझेनाच्या नवऱ्याने, रादोवान कुबिचेकने दिला होता. ही खुर्ची ओताकार दोलेझाल यांची नसून कारखान्याच्या सामूहिक विभागाने कॉम्रेड कुबिचेक यांच्या मार्गदर्शनाखाली घडवली, असं ओताकारने स्वतःच्या सहीने कबूल करायचं. कारखानदाराच्या मुलाचं नाव चाळीस हजार खुर्च्यांखाली चालणार नव्हतं. बदल्यात रादोवान ओताकारच्या मुलीच्या, लिबेनाच्या अर्जाला शिफारस जोडणार होता. गेल्या वर्षी कला-शाळेने तिला दोन ओळींत नाकारलं होतं, कारण एकच, आजोबांचा कारखाना. वर्षभर पोरगी पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यांना खिळे मारत होती. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षीपासून तिचा अर्ज कुणी उघडूनही बघणार नव्हतं.

"ठरलं का?" त्याची बायको हेदविका हात पुसत आत आली. कागदाचं घरात फक्त तिला माहीत होतं.

"सही करीन म्हणतो."

"म्हणतोस ना. मग फेऱ्या कसल्या मारतोयस?"

तो पुन्हा खिडकीकडे वळला. बाहेर रादोवानच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि अंगणातून लिबेना येताना दिसली, डोक्यावर उलटी खुर्ची घेऊन. ओताकारने ती खुर्ची लांबूनच ओळखली.

*

पहिला तारा दिसला आणि सगळे बसले. भिंतीकडच्या बाजूला म्हातारी, तिच्या उजवीकडे वेन्देलिन, मग लिबेना. समोर ओताकार, रूझेना, रादोवान. चुलीजवळच्या टोकाला हेदविका, आणि दाराकडच्या टोकाला रिकामं पान आणि ती खुर्ची.

"आता कुणी उठायचं नाही," म्हातारीने बजावलं. "शेवटचा घास होईपर्यंत. आधी जो उठेल तो पुढच्या ख्रिसमसला या टेबलाशी नसेल. हेदविका सोडून."

"वहिनीला बरी सूट," रादोवान हसला.

"तिने उठायचं नाही तर तुम्हाला सूप काय देवदूत वाढणार आहेत?"

मध लावलेल्या पातळ पापड्या फिरल्या, माशाचं सूप आलं. रादोवानने पटापट सूप संपवलं. तो मूळचा याच कारखान्यातला पॉलिशवाला. नखांतला तपकिरी रंग जायला त्याला डायरेक्टर झाल्यावरही दोन वर्षं लागली होती. सासऱ्याच्या टेबलाशी सासऱ्याच्या जागी बसायचं धाडस त्याने कधी केलं नाही, पण आज त्याला घाई होती.

"ओताकारराव, वाचलंत ना ते?"

"वाचलं."

"मग?"

"सण आहे आज, कुबिचेकसाहेब."

"सण आहे म्हणूनच विचारतो. दोन दिवस सगळं बंद. सत्तावीसला सकाळी सहाला मी जिल्ह्याला निघतो, कागद माझ्यासोबत हवा."

"कुठला कागद?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही आई, कामाचं आहे," हेदविका म्हणाली.

"कामाचं नाही काही," रूझेना म्हणाली. तिला आदल्या रात्रीच नवऱ्याकडून कळलं होतं. "लिबेनाच्या शाळेचं आहे. तिला कळायला नको का? तिचंच तर आहे."

लिबेनाने चमचा खाली ठेवला. "माझ्या शाळेचं काय?"

मग ते निघालंच बाहेर. ओताकारने कागद काढून टेबलावर ठेवला, लिबेनाने वाचला, मोठ्याने वाचला, आणि शेवटच्या दोन ओळींना तिचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे माझी किंमत एक खुर्ची," ती म्हणाली.

"अशी किंमत लावून नाही बोलायचं गं," रादोवान म्हणाला. "मी वाईट माणूस असतो तर तुझा अर्ज केव्हाच टोपलीत गेला असता. तुझ्या बाबांनी आठ ओळींखाली सही करायची, मी बारा लिहायच्या. खुर्ची तर निघणारच आहे. लोक बसणार आहेत. खाली कुणाचं नाव आहे ते वाकून बघतं कोण?"

"मग तुमचं कशाला हवंय, आतोबा?"

रूझेनाला हसू आलं, ते तिने रुमालात खोकून घालवलं. रादोवानचं तोंड लाल झालं.

"माझं नाव नसेल तर दुसऱ्याचं असेल. जिल्ह्याला तिघं टपून बसलेत. त्यांतला एकही तुझी शिफारस करणार नाही."

हे खरं होतं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते कळत होतं. लिबेनाने कागद आतोबांकडे सरकवला. तिला उठून अंगणात जायचं होतं, पाय आपोआप मागे सरकले होते, आणि आजी तिच्या गुडघ्यांकडे बघत होती. मनात तिला एक लाजिरवाणी गोष्ट कळली होती. बाबांनी सही करावी असं तिला वाटत होतं. खोक्यांचे खिळे, गार शेड, हातांना चिकटलेली लाकडाची धूळ, हे सगळं वर्षानुवर्षं करणं तिला झेपणार नव्हतं. आणि ते तोंडाने म्हणणं मात्र तिला जमेना.

"करतो सही," ओताकार म्हणाला. "पेन आणा."

रादोवानने छातीवरचा खिसा चाचपला. मग कमरेचा. "कोटात राहिलं वाटतं. बाहेर, खुंटीवर."

कुणीच हललं नाही.

"वहिनी, आणता का जरा?"

हेदविका तळलेल्या माशाचं ताट घेऊन उभी होती. "मला स्वयंपाकापुरतंच उठता येतं, रादोवान. पेन काही शिजवायचं नाही."

"अहो, चार पावलं आहेत."

"चार पावलांनी काय होतं ते आईंना विचारा."

"उद्या सकाळी करू सही," ओताकार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी सुटका होती की रूझेनाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

*

रूझेनाला लहानपणापासून मध्ये बसायची सवय होती. बाबा आणि ओता भांडायचे तेव्हा ती मध्ये, ओता आणि वेन्देलिनदादा बोलायचे बंद झाले तेव्हाही मध्ये. ते दोघे का बोलायचे बंद झाले हे तिला कधीच कळलं नाही. भांडण झालं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी केव्हातरी 'लाकूड आणलं का' आणि 'मीठ दे' एवढंच उरलं. आज एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ, समोर भाची. ती मासा चिवडत राहिली.

"दादा, तू काहीच बोलत नाहीस," ती वेन्देलिनला म्हणाली. "तुझ्या भावाची खुर्ची चाललीये."

"मासा चांगला झालाय," वेन्देलिन म्हणाला.

"बघ. याला विचारलं तर मासा."

"काका," लिबेना एकदम म्हणाली. तिला विषय बदलायचा होता, दुसरं काही नाही. "ती खुर्ची डोक्यावर आणताना मला बैठकीच्या खाली निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. फुली आहे मोठी, आणि लिहिलंय 'सरपण'. एकवीस नंबरच आहे ना ती? मग सरपण का?"

वेन्देलिनच्या जाकिटाच्या वरच्या खिशातून सुताराची चपटी निळी पेन्सिल डोकावत होती. सणालासुद्धा. ती तिथून कधी निघालेली कुणी पाहिली नव्हती. लाकूड वाकवणाऱ्यांच्या विभागात नापास मालावर अशीच फुली मारतात आणि तो माल चुलीत जातो.

"चुकून लिहिलं असेल," वेन्देलिन म्हणाला.

"तारीखही आहे. सप्टेंबर छत्तीस."

"तुझ्या बाबांनी कॅफेत काढली ती छत्तीसच्या हिवाळ्यात," रूझेना बोलून गेली. हकीकत तिला तोंडपाठ होती, सगळ्यांनाच होती. "मग सप्टेंबरात..."

ती थांबली. ओताकार ताटलीतले काटे एका ओळीत लावत होता.

हेदविकाने माशाचं ताट ठेवलं आणि ती बसली. तिला वीस वर्षांची हेदविका आठवली, संत वात्स्लावच्या जत्रेतली, हिरव्या रिबिनीची. वेन्देलिनने तिला विचारलं होतं, येशील का नाचायला, आणि ती म्हणाली होती, लवकर आलास तर. तो लवकर आला. लाकूड वाफवून हात अजून लाल होते. जत्रेच्या तिसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ कारखान्याच्या कामावरून प्रागहून आला, आणि पुढच्या वर्षी तिने लग्न केलं ते त्या भावाशी. कुणी तिला फसवलं नव्हतं. तिला ओताकारच आवडला होता. पण एक गोष्ट तिला माहीत होती आणि ती तिने बावीस वर्षं तोंडातून काढली नव्हती.

"भाऊजी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"हेदविका, असू दे," वेन्देलिन म्हणाला.

"असू दिलं ना इतकी वर्षं." तिने लिबेनाकडे पाहिलं. "वाकवलेलं लाकूड साच्यात चार दिवस वाळवावं लागतं. तुझ्या काकांनी ते दोन दिवसांतच काढलं. जत्रा होती. माझ्याबरोबर नाचायचं होतं त्यांना. लाकूड ओलं होतं, साच्यातून सुटल्यावर उलगडलं. पाठ तीन बोटं मागे गेली."

"साडेतीन," वेन्देलिन म्हणाला.

"जोडून पाहिली, वाकडी निघाली. मग फुली मारली आणि सरपणाच्या ढिगावर टाकली."

"आणि सरपण आणायला मी जायची," म्हातारी मध्येच म्हणाली. "मी गेले तर हा," तिने ओताकारकडे काटा रोखला, "ढिगाशेजारी त्या खुर्चीत बसलेला. एक बूट पायात, एक हातात. म्हटलं, ऊठ, मला चूल पेटवायचीये. उठेना. अर्धा तास उठेना. हा, जो आईच्या पोटातसुद्धा एका जागी बसला नाही."

रादोवान कागदाची घडी घालत होता, उलगडत होता.

"आणि कॅफे?" लिबेनाने विचारलं.

"कॅफेत काढली," ओताकार म्हणाला. आवाज कोरडा होता. "कामासाठी प्रागला परत गेल्यावर. आठवणीतून. पाठ, कोन, सगळं. ती फोटो काढायला आलेली बाई म्हणाली, कुठे सुचली? मी म्हटलं, इथे. पहिल्यांदा म्हणताना गळ्यात अडकलं होतं. नंतर नाही अडकलं."

*

ओताकारच्या गुडघ्यांना कळ लागली होती. उठावं, खिडकीपर्यंत जावं, परत यावं. तो बसून राहिला आणि बसून राहिल्यामुळे त्याला ते दिसलं, जे तो तीन दिवस फेऱ्या मारत टाळत होता.

रादोवानच्या कागदावर सही करणं त्याला जड जात नव्हतं. ते खोटं होतं. खोट्यावर सही केली असती, जगाने रादोवानचं नाव वाचलं असतं, आणि मनातल्या मनात खुर्ची त्याचीच राहिली असती, कॅफेसकट. उलट चोरी झाल्याचं समाधानही मिळालं असतं. जड होतं ते दुसरंच, आणि ते आता दाराकडच्या टोकाला, रिकाम्या पानापाशी ठेवलेलं होतं. रादोवान त्याच्याशी जे करत होता ते त्याने दादाशी केव्हाच केलं होतं, आणि बदल्यात दादाला काहीसुद्धा दिलं नव्हतं.

"रादोवानराव," तो म्हणाला, "तुमच्या पेपरात ते छापून येतं ना, अमुक कामगाराने तमुक सुधारणा शोधून काढली? फोटोसकट?"

"दर आठवड्याला. का?"

"दादा, पेन्सिल दे."

वेन्देलिनने दिली नाही. "काय लिहिणारेस?"

"की एकवीस नंबरचा आकार वाकवणी विभागातल्या वेन्देलिन दोलेझाल या कामगाराच्या हातून झाला. मी फक्त मापं घेतली."

"ती चूक होती, ओता. मी फेकून दिली होती."

"तू फेकलीस म्हणून मला सापडली."

"सापडली तुला. मला शंभर वर्षांत सुचलं नसतं तिच्यात बसून बघायचं. मग दोघांची नावं लिही."

"माझं चालत नाही. त्याचसाठी तर हे सगळं चाललंय."

"पण हे दोघं एकाच बापाचे," रादोवान वैतागून म्हणाला. "कारखानदाराचा एक मुलगा चालत नाही तर दुसरा कसा चालेल?"

"हा दहा वर्षं मजूर आहे," रूझेना म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "याने कधी टाय बांधला नाही, मासिकात फोटो आला नाही. तुमच्याच कामगारांच्या यादीत आहे. रादोवान, जरा विचार करा. सामूहिक विभाग म्हणजे कोण, ते तिथे कुणाला माहीत नाही. कामगाराने चुकीतून लावलेला शोध, हे ते पहिल्या पानावर छापतील. आणि त्याची पुतणी शाळेत जाईल, कारखानदाराची नात नाही."

रादोवानने बायकोकडे पाहिलं. वीस वर्षांत ती त्याच्या विरुद्ध कधी बोलली नव्हती, निदान माहेरच्या टेबलाशी नाही. तो मूर्ख नव्हता. हिशेब त्याला पटत होता आणि पटतोय याचंच त्याला दुःख होत होतं. एकदा तरी एखाद्या चांगल्या वस्तूखाली आपलं नाव असावं असं त्याला वाटत होतं. पॉलिशवाल्याचं नाव कुठेच लिहीत नाहीत.

"'मार्गदर्शनाखाली' हा शब्द राहील," तो शेवटी म्हणाला.

"राहू दे," ओताकार म्हणाला.

"आणि शिफारस?" हेदविकाने विचारलं.

"दिला ना शब्द."

"दिला नव्हतात. आत्ता द्या. सगळ्यांसमोर."

"दिला, वहिनी."

ओताकारने पुन्हा हात पुढे केला. "दादा. लिहू का?"

वेन्देलिन हाताकडे बघत राहिला. "बावीस वर्षांत आज विचारतोयस," तो म्हणाला. त्याने पेन्सिल काढली, तिच्या टोकावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि लिबेनाच्या ताटलीवरून ती भावाकडे दिली. लिबेना रडत होती आणि रडताना माशाचा काटा शोधत असल्याचं नाटक करत होती.

ओताकारने रादोवानपुढचा कागद ओढून उलटा केला. निळी पेन्सिल टेकवली.

"थांबा," रादोवान म्हणाला. "पेन्सिल चालत नाही. शाई हवी. पेन्सिलीचा कागद ते परत पाठवतात, मला गेल्या वर्षीचा अनुभव आहे."

"मग सकाळी," ओताकार म्हणाला.

हा 'सकाळी' सगळ्यांना ऐकू आला. हेदविकाला तर फारच नीट ऐकू आला. एकवीस वर्षं तिने त्याच्याबरोबर काढली होती. रात्रभर तो फेऱ्या मारील आणि पहाटेपर्यंत त्याला कॅफे परत आठवेल, कॉफीचा वास आठवेल, कागदाचा पोत आठवेल. सकाळी तो रादोवानच्या कागदावर सही करून मोकळा होईल, मुलीची शाळा साधेल, आणि दादा अंगणापलीकडे परत 'मीठ दे' एवढंच बोलेल. तिने टेबलाची कड धरली. पण तिला उठायची सूट होती, तिच्या उठण्याने नेम मोडला नसता आणि म्हणून ओताकारवर त्याचं वजनही पडलं नसतं. शिवाय मघाशी तीच म्हणाली होती, पेन काही शिजवायचं नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

फिलोमेना उठली होती.

"आई, बस," रूझेना म्हणाली. "आई, काय करतेस. बस खाली."

म्हातारीने ऐकलं नाही. एक हात भिंतीला, एक हात मुलांच्या खुर्च्यांच्या पाठींना लावत ती टेबलाला वळसा घालून दाराबाहेर गेली. आत कुणी घास गिळेना. बाहेरून कोट चाचपल्याचे आवाज आले.

"किती खिसे आहेत रे याला?"

"आतल्या बाजूला," रादोवान हळूच म्हणाला. "डावीकडे, सासूबाई."

ती परत आली, पेन ओताकारच्या ताटलीपाशी ठेवलं.

"आता लिही. आणि दादाचं नाव नीट अक्षरात, डॉक्टरसारखं नको."

"तू उठलीस," वेन्देलिन म्हणाला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण त्याच्या तोंडावर भीती स्पष्ट दिसत होती. "आई, तू उठलीस ना."

"मी कुठे उठले? ती बाई गेली बाहेर. मी पाहुणी, आत्ताच आले." आणि ती आपल्या जागेकडे न वळता दाराकडच्या टोकाला गेली, आठव्या पानापाशी, आणि त्या खुर्चीत बसली. आधी कडेवर, मग जरा मागे, मग पाठ टेकवून. पाय जमिनीपासून बोटभर उचलले गेले. "बावीस वर्षं ऐकतेय हिच्याबद्दल. मला कुणी बसवलं नाही."

"कशी आहे?" ओताकारने विचारलं.

"बरी आहे. सूप वाढा, बाहेर गार आहे."

हेदविका उठली आणि पातेल्याकडे गेली. ओताकारने सवयीने आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग पाठीकडे. आकृतीत काढल्यासारखी बसली होती. मग त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे तिची स्वतःची खुर्ची होती, मागे सरकवलेली, आणि पानात अर्धा मासा तसाच होता. आता रिकामी जागा तिची होती. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा तिकडे न बघता भावाचं नाव लिहायला घेतलं.